दमट हवा जड नसते

वारा पूर्ण पडलेला असतो, घाम अंगावरच राहतो, आकाशात पांढऱ्या ढगांचे चार-दोन पुंजके रेंगाळत असतात. अशा दुपारी 'हवा किती जड झाली आहे' असे आपण म्हणतो. हवेत पाणी मिसळले म्हणजे तिचे वजन वाढणारच, असे त्यामागचे कारणही आपण गृहीत धरलेले असते. हे कारण साफ चुकीचे आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, आणि गडगडाटी पावसाची सुरुवात समजून घेताना या गोष्टीचा उपयोग होतो.

तापमान आणि दाब समान असतील, तर समान आकारमानाच्या कोणत्याही वायूंमध्ये रेणूंची संख्या समान असते, हे ॲव्होगाड्रो यांनी १८११ साली मांडलेले तत्त्व शाळेत सर्वांनी वाचलेले असते. हवेत मुख्यतः नायट्रोजन (रेणुवस्तुमान २८) आणि ऑक्सिजन (३२) असतो, तर पाण्याच्या रेणूचे वस्तुमान अवघे १८ आहे. बाष्पाचा रेणू हवेत शिरतो तेव्हा तो एका जड रेणूची जागा घेतो. ३० अंश सेल्सिअस तापमानाची बाष्पाने संपृक्त हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा सुमारे दीड टक्क्याने हलकी भरते. आपल्याला जडपणा जाणवतो तो घाम वाळत नाही म्हणून. त्याचा हवेच्या वजनाशी संबंध नाही.

तरीही अशी हवा लगेच वर चढून पाऊस पाडत नाही. कित्येकदा सगळी दुपार तगमगीत जाते, आणि संध्याकाळी मात्र तासाभरात आभाळ काळेभोर होते. एवढा वेळ हवा कशासाठी थांबलेली असते, हा मला हवामानशास्त्रातला सर्वांत रंजक प्रश्न वाटतो. त्याचे उत्तर थोड्या आकडेमोडीत दडलेले आहे.

सायकलच्या चाकातली हवा सोडताना व्हॉल्व्हपाशी बोट धरले, तर ती गार लागते, कारण प्रसरण पावताना हवा स्वतःचीच उष्णता खर्च करते. वर चढणाऱ्या हवेचेही तेच होते. उंचीबरोबर भोवतालचा दाब कमी होतो, हवा फुगते आणि दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते. समजा, जमिनीलगतची हवा ३० अंशांवर आहे आणि तिचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचे पाणी होऊ लागते ते तापमान, २२ अंश आहे. हा दवबिंदूही वर जाताना दर किलोमीटरला १.८ अंशांनी उतरतो. त्यामुळे ही हवा एक किलोमीटर चढली की तिचे तापमान आणि दवबिंदू दोन्ही २०.२ अंशांवर येऊन भेटतात. ढगाचा तळ तिथे तयार होतो. एकाच वेळी दिसणाऱ्या अनेक ढगांचे तळ एका रेषेत कापल्यासारखे सपाट असतात ते यामुळेच.

आता त्या उंचीवरची भोवतालची हवा पाहू. ती त्या दिवशी २२ अंशांवर असेल, तर आपली हवा तिच्यापेक्षा जवळजवळ दोन अंशांनी थंड ठरते. बाष्पामुळे मिळालेला हलकेपणा ही तूट काही प्रमाणात भरून काढतो, पण पुरती नाही. हवा जड ठरून पुन्हा खाली बसते. या दोन अंशांचे जणू झाकणच आकाशावर बसलेले असते. ते भेदायला बाहेरून रेटा लागतो: डोंगराचा उतार, दोन वाऱ्यांची टक्कर, किंवा उन्हाने आणखी तापलेली जमीन.

रेटा मिळाला की चित्र पालटते. बाष्पाचे पाणी होताना प्रत्येक ग्रॅममागे सुमारे २,५०० ज्यूल अप्रकट उष्मा बाहेर पडतो, आणि एवढ्या उष्णतेने एक किलोग्रॅम हवा अडीच अंशांनी तापते. म्हणून ढगात शिरलेली हवा आता किलोमीटरमागे ९.८ ऐवजी साधारण साडेचार अंशांनीच थंड होते. बाहेरची हवा त्याच अंतरात सात अंशांनी थंड होत असेल, तर आणखी सातशे मीटर चढताच ढगातली हवा भोवतालच्या हवेइतकी उबदार होते आणि त्यापुढे अधिकच उबदार होत जाते. मग तिला कोणत्याही रेट्याची गरज उरत नाही. ती स्वतःच्याच उष्णतेवर तपांबराच्या, म्हणजे वातावरणाच्या सर्वांत खालच्या थराच्या, माथ्यापर्यंत धावते. उष्ण कटिबंधात हा माथा सुमारे सोळा किलोमीटरवर असतो. तिथून पुढे वातावरण उंचीबरोबर थंड होत नाही, त्यामुळे ढगाला वर वाट मिळत नाही आणि त्याचा माथा ऐरणीसारखा आडवा पसरतो.

या ऊर्जेचा अंदाज असावा. एक चौरस किलोमीटरवर एक सेंटिमीटर पाऊस पडला, तर तेवढे पाणी बाष्पातून तयार होताना मुक्त झालेली उष्णता सुमारे ७० लाख युनिट विजेइतकी भरते. एवढ्या ऊर्जेपुढे माणसाचे उपाय तोकडे पडतात. १८९६ साली ऑस्ट्रियातील द्राक्षउत्पादक आल्बर्ट स्टिगर यांनी गारा फोडण्यासाठी ढगांकडे तोंड करून आवाजाच्या तोफा डागल्या. पुढच्या चाचण्यांत त्या निरुपयोगी ठरल्या, तरी तशी यंत्रे आजही विकली जातात आणि विकत घेणारेही भेटतात. मोबाइलवर पंधरा दिवसांनंतरच्या अमुक तासाला पाऊस दाखवणारे चित्रही मी याच पंगतीत बसवतो. झाकण कोणत्या गावावर फुटेल हे एखाद्या अंशाच्या फरकावर ठरते, आणि तो फरक त्याच दिवशी सकाळीही नेमका सांगणे अवघड असते.

पाऊस सुरू झाल्यावर हिशेब उलटा फिरतो. ढगाबाहेरच्या कोरड्या हवेतून पडताना थेंबांचा काही भाग पुन्हा बाष्प होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्याच हवेतून खेचून घेतो. ती हवा झपाट्याने थंड होते, खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. पहिल्या थेंबांच्या काही मिनिटे आधी धूळ उडवत येणारा गार वारा तो हाच. पसरताना तो पुढच्या दमट, हलक्या हवेखाली पाचरीसारखा घुसतो, तिला झाकणापलीकडे उचलतो, आणि काही किलोमीटरवर नव्या ढगाचा तळ दिसू लागतो.