शहर वाढतंय, मग धरण किती मोठं लागेल?

शहराची लोकसंख्या दुप्पट झाली की पाणीसाठापण दुप्पट लागेल असं आपण धरून चालतो. पण साठ्याचं गणित असं सरळ चालतच नाही. मागणी थोडी वाढली तरी साठा कितीतरी पट जास्त लागू शकतो, आणि हे एकदा आकड्यांत बघितलं की धरणाच्या टक्केवारीच्या बातम्या वाचायची नजरच बदलते.

आधी एक गोष्ट बाजूला काढू. शहरात ज्या उंच टाक्या दिसतात त्या काही तासांसाठी असतात. फिल्टर प्लांटमधून पाणी दिवसभर एकाच वेगाने येतं आणि लोक सकाळी एकदम नळ सोडतात, तो फरक टाकी भरून काढते, शिवाय आगीसाठी थोडं पाणी राखून ठेवते. ती गरजेपेक्षा फार मोठी बांधली तर उलट त्रास, पाणी आत पडून राहतं आणि क्लोरीन उतरत जातो. धरणाचं काम मात्र महिन्यांचं आणि वर्षांचं असतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

समजा एका नदीला सहा वर्षांत ओळीने १२०, १३०, ७०, ६०, ८० आणि १४० युनिट पाणी आलं. बेरीज ६००, म्हणजे वर्षाला सरासरी १००. आता शहराची मागणी वर्षाला ७० असेल तर तिसऱ्या वर्षी बरोब्बर भागतं, चौथ्या वर्षी १० कमी पडतात, पाचव्या वर्षी पुन्हा जास्तच येतात, म्हणजे मागच्या चांगल्या वर्षातले १० युनिट राखून ठेवले की झालं. मागणी ८० झाली तर तिसऱ्या वर्षी १० आणि चौथ्या वर्षी २० कमी, म्हणजे राखीव साठा ३० हवा. आणि ९० झाली की तूट होते २०, ३० आणि १०, मिळून ६०! मागणी ७० वरून ९० वर गेली, तीस टक्केपण वाढली नाही, आणि साठा सहा पट लागला. (पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्यापर्यंत पुरवायला लागणारा साठा यात धरलेलाच नाही, तो वेगळा.) मागणी सरासरीच्या जितकी जवळ जाते तितका साठा वेड्यासारखा वाढतो, आणि १०० च्या पुढे गेली की कितीही मोठं धरण बांधा, कायमचं भागणार नाही, कारण नदीत तेवढं पाणीच नाही.

हाच हिशोब वेन्झेल रिपल या इंजिनीअरने १८८३ मध्ये आलेखावर मांडला. आलेल्या पाण्याची चढती बेरीज एका रेषेने, वापराची दुसऱ्या रेषेने, आणि कोरडा काळ सुरू होतो तिथे दोघी एकत्र जुळवून पुढे त्यांच्यात सगळ्यात मोठी फट पडते तेवढा साठा. आज हे काम कॉम्प्युटर करतो पण मूळ विचार तोच.

पण या पद्धतीचा सगळा भरवसा जुन्या नोंदींवर, आणि नोंदी फसवू शकतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीचं वाटप १९२२ च्या कराराने ठरलं तेव्हा हाताशी असलेल्या नोंदी नेमक्या भरपूर पाण्याच्या वर्षांच्या होत्या, त्यामुळे कागदावर वाटलेलं पाणी नदीत प्रत्यक्ष येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त निघालं, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. हॅरल्ड हर्स्ट या जलशास्त्रज्ञाने नाईल नदीच्या शेकडो वर्षांच्या नोंदी तपासून १९५१ मध्ये दाखवलं की कोरडी वर्षं अधूनमधून सुटी येत नाहीत, ती एकमेकांना धरून येतात. आपल्या उदाहरणात ७०, ६०, ८० ही वर्षं सलग आली म्हणूनच साठा एवढा लागला, ७० आणि ६० च्या मध्ये १३० चं वर्ष पडलं असतं तर ९० च्या मागणीला ६० ऐवजी ४० मध्ये भागलं असतं. त्यात आता हवामानच सरकतंय. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराच्या धरणांत येणारं पाणी १९७० च्या दशकाच्या मध्यापासून घटत गेलं, आणि शेवटी २००६ मध्ये त्यांनी समुद्राचं पाणी गोडं करणारा प्लांट सुरू केला. माझ्या मते हा शहाणपणाचा निर्णय होता, कारण येवाच, म्हणजे धरणात येणारं पाणीच, आटत असेल तर रिकाम्या धरणाशेजारी दुसरं धरण बांधून काय मिळणार.

शिवाय धरणाचा सगळा साठा वापरता येत नाही. तळाचा मृत साठा, म्हणजे दारांच्या खाली राहून बाहेर न येणारं पाणी, सोडायचा, दरवर्षी बसणारा गाळ धरायचा, बाष्पीभवन वजा करायचं, आणि पसरट उथळ धरणात हे बाष्पीभवन फार असतं.

आता वाढत्या शहराचं बघा. १० लाख लोक, माणशी रोज १५० लिटर, म्हणजे दिवसाला १५ कोटी लिटर. वाढ वर्षाला ३ टक्के राहिली तर साधारण २४ वर्षांत हे ३० कोटींवर जातं, आणि नवीन धरण सर्व्हेपासून भरेपर्यंत दहा-पंधरा वर्षं सहज जातात, म्हणजे टंचाई दिसल्यावर काम काढलं तर उशीर झालेलाच असतो. म्हणून गळतीकडे मी सगळ्यात आधी बघेन. मघाच्या उदाहरणात पाइपलाइनची गळती कमी करून मागणी ९० वरून ८० वर आणली तर वाचतात १० युनिट, पण साठ्याची गरज ६० वरून ३० वर येते. धरणाचा खर्च निम्मा होईलच असं नाही, पण ते काही वर्षं पुढे नक्की ढकलता येतं, आणि हा फायदा प्रकल्पाच्या चर्चेत फारसा कोणी मोजत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं.

कपातीचं वेळापत्रकपण साठ्याच्याच नियोजनात धरायला हवं. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनमध्ये २०१५ ते २०१७ सलग तीन वर्षं पाऊस कमी झाला आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घालायची वेळ आली. आपल्या उदाहरणात ९० ची मागणी असताना तिसऱ्या वर्षापासूनच १० टक्के कपात लावली, म्हणजे ८१, तर तूट होते ११, २१ आणि १, मिळून ३३. कपात न करता ६० लागत होते. पण हे ३३ चं गणित जुळतं ते कपात पहिल्याच कोरड्या वर्षी लागली तरच, म्हणून धरण किती टक्क्यांवर आलं की किती कपात हे धरण भरलेलं असतानाच ठरवून जाहीर करावं लागतं.