एसच्या जागी जे ओमेगा टाकण्याआधी

‘लाप्लासमध्ये एसच्या जागी जे ओमेगा टाकला की झाला फेझर.’ हे वाक्य क्लासच्या नोट्सपासून व्हायव्हापर्यंत सगळीकडे फिरतं. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त नडतं. फेझर म्हणजे साइन लहरीची उंची आणि कोन एकाच कॉम्प्लेक्स संख्येत; लाप्लास म्हणजे काळातलं समीकरण एस या चलाच्या बीजगणितात बदलायची रीत. जे म्हणजे उणे एकचं वर्गमूळ, ओमेगा म्हणजे दोन पाय गुणिले फ्रिक्वेन्सी.

फेझर तुम्हाला येतो असं धरतो. इंडक्टरला जे ओमेगा एल, कपॅसिटरला एक भागिले जे ओमेगा सी, पुढे ओहमचा नियम. १८९३ साली शिकागोच्या परिषदेत स्टाइनमेट्झनं हे कॉम्प्लेक्स संख्यांचं गणित मांडलं, तेव्हापासून एसी सर्किटं बीजगणितानं सुटू लागली. लाप्लासमध्ये तिथेच एस एल आणि एक भागिले एस सी येतं. दिसायला जुळी भावंडं.

आता आकडे घ्या. १० ओहम आणि १०० मिलिहेन्री सिरीजमध्ये, सप्लाय २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. फेझर सांगतो: इम्पिडन्स सुमारे ३३ ओहम, कोन ७२ अंश, करंट ७ अँपिअर आरएमएस, म्हणजे पीक ९.९. पण व्होल्टेज शून्यातून वर जाताना नेमका स्विच ऑन केलात, तर करंटची पहिली पीक पावणेचौदा अँपिअरच्या आसपास जाते. फेझरचं गणित चुकलेलं नाही. स्विच कधी ऑन केला हा प्रश्नच त्याच्या हिशेबात नाही. त्याच्या लेखी सप्लाय अनादी काळापासून चालूच आहे.

लाप्लासच्या करंटमध्ये तीन पोल, म्हणजे भाजक शून्य करणाऱ्या एसच्या किमती, दिसतात. अधिक-उणे जे ओमेगा हे दोन सोर्सचे. त्यांच्यातून येते ती कायमची साइन, म्हणजेच फेझरचं उत्तर. तिसरा उणे आर भागिले एल, इथे उणे १००, हा सर्किटचा स्वतःचा. त्याच्यातून ट्रान्झिएंट, म्हणजे स्विच ऑन केल्यावरचा विरत जाणारा भाग, येतो: टाइम कॉन्स्टंट १० मिलिसेकंद, अडीच सायकलमध्ये जवळपास संपलेला. इंडक्टरमध्ये आधीचा करंट असेल तर तोही इथेच धरला जातो.

म्हणून जे ओमेगा टाकायचा तो फक्त ट्रान्सफर फंक्शनमध्ये, म्हणजे आउटपुट भागिले इनपुटमध्ये, इथे एक भागिले (आर अधिक एस एल). करंटच्या पूर्ण राशीत टाकलात की सोर्सचा भाजक शून्य होतो आणि उत्तरपत्रिकेत ‘करंट अनंत’ उमटतो. तो वाचून मला खरंच राग येतो.

दुसरी अट कुणी सांगतच नाही: सर्किट स्टेबल हवं. उजव्या अर्ध्यात पोल असला, म्हणजे त्याचा वास्तव भाग धन असून ट्रान्झिएंट वाढतच जात असला, तरी जे ओमेगा टाकून मॅग्निट्यूड आणि फेज छान निघतात, पण ते सर्किट त्या स्टेडी स्टेटला कधी पोचतच नाही.

बाकी किरकोळ. संदर्भ साइन घ्या वा कोसाइन, शेवटपर्यंत एकच ठेवा. वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे फेझर बेरजेत घेऊ नका. आणि नुसता पॉवर फॅक्टर काढायला लाप्लास वापरून पानभर पार्शल फ्रॅक्शन्स करू नका. तिथे फेझर दोन ओळींत मोकळा होतो.