एक्झोकॉमेट: दुसऱ्या ताऱ्यांचे धूमकेतू

आपला सूर्य सोडून दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवती फिरणारा धूमकेतू म्हणजे एक्झोकॉमेट. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह 1995 ला सापडला, पण या धूमकेतूंचा सुगावा त्याच्याही आधी, 1987 लाच लागला होता. फेर्ले, हॉब्ज आणि विदाल-माजार हे खगोलशास्त्रज्ञ बीटा पिक्टोरिस नावाच्या ताऱ्याचा वर्णपट (रंगांनुसार वेगळा केलेला प्रकाश) बघत होते, तर त्यात कॅल्शियमच्या जादा रेषा दिसायच्या, तासा-दिवसांत बदलायच्या आणि बहुतेक वेळा तांबड्याकडे सरकलेल्या असायच्या, म्हणजे कुठला तरी वायू आपल्यापासून लांब, ताऱ्याच्या दिशेने पडत होता.

हा तारा 63 प्रकाशवर्षांवर आहे, वय जेमतेम 2 कोटी वर्षांच्या आसपास. हिवाळ्यात महाराष्ट्रातून अगस्त्य दिसतो ना, त्याच्या थोडा पश्चिमेलाच आहे, फक्त अंधुक असल्यामुळे आकाश चांगलं काळोखं लागतं. 2014 मध्ये चिलीतल्या हार्प्स या वर्णपट घेणाऱ्या उपकरणाच्या हजारावर वर्णपटांमधून इथले 493 वेगवेगळे धूमकेतू मोजले गेले आणि त्यांची दोन कुळं निघाली. एकातले जुने, बर्फ बरंचसं संपलेले, आणि दुसऱ्यातले बहुधा एकाच मोठ्या गोळ्याचे अलीकडे झालेले तुकडे. इतक्या लांबून कुळं ओळखता येतात हे खरंच थक्क करणारं आहे!

धूमकेतूचा गाभा काही किलोमीटरचा, तो थेट दिसणं शक्यच नाही, दिसते ती शेपटी. ती ताऱ्यासमोरून गेली की प्रकाश झपकन कमी होतो आणि मग हळूहळू पूर्ववत होतो, कारण धूळ मागे रेंगाळत असते. ग्रहामुळे होणारी घट मात्र दोन्ही बाजूंनी सारखी असते. प्रकाशाच्या आलेखातला हा तिरपा आकार कसा दिसेल याचं गणित 1999 लाच मांडलेलं होतं. पुढे केपलर या अंतराळ दुर्बिणीच्या डेटात एका हौशी स्वयंसेवकाने आलेख नुसत्या डोळ्यांनी चाळून तो शोधला, 2018 मध्ये त्यावर पेपर आला, तारा केआयसी 3542116, प्रकाशातली घट फक्त 0.1 टक्का. 2022 मध्ये टेस या अंतराळ दुर्बिणीच्या 156 दिवसांच्या निरीक्षणात बीटा पिक्टोरिससमोरून गेलेले 30 धूमकेतू सापडले, व्यास साधारण 3 ते 14 किलोमीटर, आणि लहान-मोठ्यांचं प्रमाण आपल्याकडच्या धूमकेतूंसारखंच.

अडचण एकच, एकदा गेलेला धूमकेतू परत कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळे तोच पुन्हा बघून खात्री करून घेता येत नाही. याबाबतीत लघुग्रहासारखे खडकाळ तुकडे कधीकधी सोपे पडतात: 2015 मध्ये डब्ल्यूडी 1145+017 या श्वेतबटू (इंधन संपून आकसलेल्या) ताऱ्याभोवती मोडत चाललेला एक गोळा सापडला, तो साधारण साडेचार तासांत एक फेरी मारत होता, त्यामुळे जमिनीवरच्या दुर्बिणींनीही एकेका रात्रीत त्याच्या फेऱ्या टिपल्या.