प्रकाशाची तीव्रता वेगळी, फोटॉनचा जोर वेगळा

ठाण्यात येऊरच्या वाटेवर कणसं भाजणाऱ्या शेगडीजवळ हात धरला तर तो पोळेल, पण उन्हासारखा रापणार नाही. मे महिन्यात पातळ ढग असताना तलावपाळीवर दुपार काढली, तर चटका फारसा जाणवत नाही आणि कातडी मात्र रापते. शेगडीतून हातावर जास्त ऊर्जा येत असूनही हा फरक पडतो, कारण ‘प्रकाश एकूण किती’ आणि ‘प्रकाशाचा एकेक कण केवढा’ हे दोन निराळे प्रश्न आहेत. पुंजभौतिकीची (क्वांटम फिजिक्सची) सुरुवात श्रोडिंगरच्या पेटीतल्या, एकाच वेळी जिवंत आणि मेलेल्या मांजरापेक्षा इथून करणं केव्हाही बरं.

पहिला प्रश्न तीव्रतेचा, दुसरा वारंवारतेचा. दिसणाऱ्या प्रकाशात वारंवारता म्हणजे ढोबळमानाने रंग; तरंगलांबी जितकी कमी, तितकी वारंवारता जास्त. ऊर्जेची देवघेव सुट्या पुड्यांमध्ये होते, असं माक्स प्लांक यांनी १९०० मध्ये गृहीत धरलं. प्रकाशच अशा पुड्यांनी बनलेला आहे, हे १९०५ मध्ये आइन्स्टाइन यांनी मांडलं. या पुडीला आज आपण फोटॉन म्हणतो. तिची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये (एक व्होल्ट एका इलेक्ट्रॉनला जेवढी ऊर्जा देतो, त्या मापात) काढायची तर १२४० ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागा. ६३० चा लाल फोटॉन १.९७ चा, ४७० चा निळा २.६४ चा, कातडी रापवणारा उन्हातला ३०० चा अतिनील ४.१ चा. निखाऱ्याच्या धगीतले बहुतेक फोटॉन एका इलेक्ट्रॉन-व्होल्टच्याही खाली असतात, म्हणून ते संख्येने कितीही असले तरी कातडीतली रासायनिक क्रिया घडवत नाहीत, नुसते तापवतात.

जस्ताच्या पत्र्यातून इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे ४.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. लाल दिवे एकाचे शंभर केले तरी एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही, कारण साध्या दिव्याच्या प्रकाशात एका इलेक्ट्रॉनला एका वेळी एकच फोटॉन भेटतो. २५४ नॅनोमीटरचा मंद अतिनील प्रकाश मात्र पडल्याक्षणी इलेक्ट्रॉन सोडवतो. त्याची तीव्रता दुप्पट केली की इलेक्ट्रॉन दुप्पट सुटतात, पण त्यांचा कमाल वेग तेवढाच राहतो. वेग वाढवायचा तर वारंवारताच वाढवावी लागते.

अतिनील दिवा डोळ्यांना घातक, म्हणून घरी हाच नियम उलट्या बाजूने तपासा: एलईडीत इलेक्ट्रॉन ऊर्जा देतो आणि फोटॉन बाहेर पडतो. ठाणे स्टेशनजवळच्या किंवा वाशीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून पारदर्शक टोपीचे लाल आणि निळे एलईडी, १ किलोओहमचा पोटेन्शियोमीटर (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायची खुंटी), ३३० ओहमचा रेझिस्टर आणि तीन पेन्सिल सेलचा होल्डर आणा. पोटेन्शियोमीटरची बाहेरची दोन टोकं सेलना जोडा. मधल्या टोकापासून रेझिस्टर, त्यापुढे एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय सेलच्या ऋण टोकाला. खोलीत अंधार करा, व्होल्टेज शून्यापासून हळूहळू वाढवा आणि एलईडी जेमतेम उजळताच मल्टीमीटरवर (व्होल्टेज मोजायच्या उपकरणावर) दिसणारा आकडा टिपा. लालला साधारण १.७ ते १.८ व्होल्ट, निळ्याला २.५ च्या आसपास मिळतात. निळ्याचा फोटॉन मोठा, म्हणून प्रत्येक इलेक्ट्रॉनला जास्त ऊर्जा पुरवावी लागते. आकडा वरच्या हिशोबापेक्षा (१.९७ आणि २.६४) थोडा कमी येतो, कारण उरलेली भर पदार्थातली उष्णता घालते.

मल्टीमीटर एलईडीच्या दोन पायांवरच लावा. रेझिस्टरही मध्ये घेतला तर, विशेषतः एलईडी प्रखर असताना, आकडा फुगतो. पांढरा एलईडी घेऊ नका, त्यात आत निळाच असतो आणि वर पिवळा लेप. रंगीत टोपीवरूनही तरंगलांबी ठरवू नका, ती दुकानदाराकडून किंवा माहितीपत्रकातून घ्या. सगळ्यात मोठी चूक डोळ्याची: उजेडातून आल्या आल्या मोजलं तर पहिला उजाळा सुटतो आणि आकडा वाढून येतो. पाच मिनिटं अंधारात बसून तीनदा मोजा, सरासरी घ्या.

मग पोटेन्शियोमीटर शेवटपर्यंत फिरवा. लाल एलईडी झगझगीत पेटेल, दर सेकंदाला कितीतरी जास्त फोटॉन बाहेर पडतील, पण त्यातला एकही निळा नसेल.