पितृसत्ता

पितृसत्ता म्हणजे निर्णयाचा, मालमत्तेचा आणि वारशाचा अधिकार प्रामुख्याने पुरुषांकडे ठेवणारी समाजव्यवस्था. पुरुषसत्ता, पुरुषप्रधानता हे शब्दही बहुधा याच अर्थाने वापरतात. तरी या शब्दातला 'पिता' नजरेआड करू नये, कारण मुळात ही सत्ता घरातील वडीलधाऱ्या पुरुषाची साऱ्या घरावरची होती, आणि तिच्याखाली तरुण पुरुषही येत.

प्राचीन रोमच्या कायद्यात हे रूप सर्वांत उघडपणे दिसते. प्रजासत्ताकाच्या काळात बाप हयात असेपर्यंत मुलाला, तो विवाहित असो की कॉन्सलसारख्या सर्वोच्च पदावर असो, स्वतःच्या नावे मालमत्ता धारण करता येत नसे. त्याने जे मिळवले ते कायद्याने बापाचे. बाप वारला की मुलगा स्वतः कुटुंबप्रमुख होई. मुलीला मात्र बाप गेल्यानंतरही महत्त्वाच्या व्यवहारांसाठी पुरुष पालकाची संमती लागे. मुलाची अधीनता कधीतरी संपणारी होती, तिची तशी नव्हती. पितृसत्तेतील स्त्री-पुरुष भेद नेमका इथे आहे.

पुढील काळातही ही सत्ता बळापेक्षा कायद्यातून आणि सहीतून अधिक चालली. इंग्लंडमध्ये विवाहानंतर पत्नीचे कायदेशीर अस्तित्व पतीच्या अस्तित्वात विलीन झाले असे मानले जाई. १८७० च्या कायद्याने तिची कमाई तिची झाली आणि १८८२ च्या कायद्याने तिला स्वतंत्र मालमत्ता बाळगता आली. फ्रान्समध्ये विवाहितेला पतीच्या संमतीविना नोकरी धरण्याचा आणि बँकेत खाते उघडण्याचा हक्क १९६५ मध्ये मिळाला. मतदानाचा हक्क तिला १९४४ सालीच मिळाला होता, म्हणजे सरकार निवडणारी स्त्री दोन दशके स्वतःचे खाते मात्र पतीला विचारूनच उघडत होती.

वंश आणि सत्ता यांची गल्लत करू नये. इंडोनेशियातील मिनांगकाबाऊ समाज मातृवंशीय आहे. वडिलोपार्जित घर व शेती आईकडून मुलीकडे जाते, परंतु कुळाचे प्रमुखपद परंपरेने मामाकडे असते. पूर्ण मातृसत्ता, म्हणजे पितृसत्तेचे उलटे रूप, इतिहासात कधी होती का, याविषयी एकोणिसाव्या शतकात बरेच लिहिले गेले. आजचे बहुतेक मानवशास्त्रज्ञ ती कल्पना मान्य करत नाहीत.

ही व्यवस्था स्त्रियांच्या सहभागावाचून टिकत नाही, हे मात्र अनेकदा सांगायचे राहते. समाजशास्त्रज्ञ देनिझ कांडियोटी यांनी १९८८ मध्ये याला पितृसत्तेशी केलेली घासाघीस म्हटले: सून म्हणून सासरी मुकाट राबणारी स्त्री मुलगा मोठा होण्याची वाट पाहते, कारण त्याच्या लग्नानंतर घरातला अधिकार तिच्याकडे येतो आणि तो चालवायला नवी सून मिळते. म्हणून तरुण स्त्रिया नोकरीसाठी घराबाहेर पडू लागल्या की कधीकधी पहिला विरोध सासूकडून होतो. ज्या अधिकारासाठी सासूने आयुष्य खर्चले, तो हाती येण्याआधीच मोडीत निघालेला असतो.