लाळग्रंथींच्या गाठी

कानाखाली, जबड्याखाली, जिभेखाली आणि तोंडाच्या अस्तरात विखुरलेल्या लाळग्रंथींमध्ये पेशींची अनिर्बंध वाढ होऊन तयार होणाऱ्या गाठी. डोके व मानेच्या एकूण गाठींत त्यांचे प्रमाण साधारण ३ ते ६ टक्के असते. त्यांचा ढोबळ नियम असा, की ग्रंथी जितकी लहान तितका कर्करोगाचा संशय मोठा. कानाखालच्या ग्रंथीतील सुमारे तीन-चतुर्थांश गाठी साध्या निघतात, जबड्याखालच्या निम्म्याच, आणि जिभेखालच्या बहुतेक कर्करोगाच्या.

नागपुरात या गाठींकडे दुर्लक्ष व्हायला एक खास कारण आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा आणि त्यातून होणारा तोंडाचा कॅन्सर इथे घराघरात माहीत आहे. त्यामुळे ‘मी खर्रा खात नाही, मग भीती कसली?’ असे सहज वाटते. पण लाळग्रंथीच्या बहुतेक गाठींचा तंबाखूशी ठळक संबंध नाही. धूम्रपानाशी जोडलेली वॉर्थिन गाठ हा अपवाद, आणि तीही साधीच. कानाखालची गाठ दुखत नाही, गालगुंडासारखा तापही आणत नाही, म्हणून वर्षानुवर्षे राहून जाते. चेहरा एका बाजूने लुळा पडू लागला, तर मात्र कर्करोगाचा दाट संशय धरावा.

साध्या गाठींत प्लिओमॉर्फिक अ‍ॅडेनोमा नेहमीचा. तो नुसता सोलून काढला तर उलटतो आणि फार काळ ठेवला तर कर्करोगात बदलू शकतो. ऑन्कोसायटोमा आणि वरच्या ओठात होणारा कॅनालिक्युलर अ‍ॅडेनोमा हे विरळ. घातक गाठींपैकी सिक्रेटरी कार्सिनोमाची स्वतंत्र ओळख २०१० मध्ये पटली. स्तनाच्या एका विरळ कर्करोगातला जनुकीय जोड (दोन जनुके एकमेकांना चिकटून झालेला बदल) यातही सापडतो, आणि त्यावर नेमके औषधही आहे.

निदानासाठी सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करतात. शस्त्रक्रियेचे खरे कौशल्य चेहऱ्याची नस, म्हणजे चेहरा हलवणारा मज्जातंतू, वाचवण्यात असते, कारण ती कानाखालच्या ग्रंथीतूनच जाते. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), शासकीय दंत महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय ही शहरातील जुनी उपचारकेंद्रे.

अ‍ॅडेनॉइड सिस्टिक कार्सिनोमा नसेच्या कडेने सरकतो आणि दहा-पंधरा वर्षांनीही फुप्फुसात उगवतो. पाच वर्षे बरी गेली म्हणून त्याची तपासणी थांबवत नाहीत. गडचिरोली किंवा बालाघाटहून येणाऱ्या रुग्णाला हे पहिल्याच भेटीत सांगायला हवे.