थंड होण्याचा वेग आणि ॲल्युमिनियमची ताकद

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं काम करणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही, की वितळलेला रस तोच असला तरी तो किती झपाट्याने गोठतो यावर धातू ठरतो. पातळ कडा पटकन गोठली की तिथे चिल येते, बीड पांढरं आणि कडक होतं. ॲल्युमिनियमच्या थ्रीडी प्रिंटिंगचा सगळा इतिहास या वेगाभोवतीच फिरतो.

मजबूत ॲल्युमिनियमची सुरुवात १९०६ ची. जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांनी तांबं आणि थोडं मॅग्नेशियम असलेला मिश्रधातू तापवून पाण्यात विझवला, आणि तो नुसता ठेवल्यावरही कडक होत गेला. तांब्याचे अणू आत अतिसूक्ष्म पुंजके करतात, हे १९३८ मध्ये गिनिए आणि प्रेस्टन यांनी क्ष-किरणांनी दाखवलं. पुढचे विमानी मिश्रधातू याच वाटेने आले.

पण ते लाटून, दाबून घडवायचे होते. थ्रीडी प्रिंटिंगमध्ये लेझरने धातूची पावडर वितळवली की रस सेकंदाला लाखो अंशांच्या वेगाने थंड होतो. ७०७५ या विमानी मिश्रधातूमध्ये तेव्हा लांब खांबासारखे स्फटिक वाढतात, शेवटचा रस त्यांच्या फटींत अडकतो आणि आकसताना भेगा पडतात. म्हणून बरीच वर्षं दहा टक्के सिलिकॉनवाल्या, मूळच्या ओतकामातल्या मिश्रधातूवर भागवलं गेलं. तो छापायला सोपा, पण ताकदीला बेताचा.

ही कोंडी २०१७ मध्ये फुटली. अमेरिकेतल्या एचआरएल प्रयोगशाळेने पावडरीवर झिर्कोनियमयुक्त सूक्ष्म कण बसवले. त्यांच्याभोवती बारीक स्फटिक धरले आणि ७०७५ भेगांशिवाय छापला गेला. बिडात आपण इनॉक्युलंट, म्हणजे स्फटिक धरायला बीजासारखी पूड टाकतो, त्यामागचा विचार हाच. एअरबसच्या एपीवर्क्सने स्कँडियम हा धातू घालून स्कालमलॉय नावाचा छापता येणारा मिश्रधातू आणला होता, पण स्कँडियम फार महाग.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते २०२५ मधलं अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठाचं काम. तिथे थंड होण्याच्या वेगाला अडचण न मानता त्याच्यासाठीच मिश्रधातू रचला. मशीन लर्निंगच्या मदतीने अवघ्या ४० रचना तपासून अर्बियम, झिर्कोनियम, निकेल वगैरेंचं मिश्रण निवडलं. छापून ४०० अंशांवर तापवत ठेवून मुरवल्यावर ते त्याच मिश्रणाच्या ओतीव नमुन्यापेक्षा पाचपट मजबूत निघालं. साच्यात सावकाश गोठलं की आतले कण जाड होतात. त्यामुळे असा छापील भाग भंगारात काढून आपल्या भट्टीत वितळवला आणि वाळूच्या साच्यात ओतला, तर रासायनिक रचना तीच राहील, पण ही ताकद मिळणार नाही.